बोट ठरली, पण सारंग कोण?

बेळगावची भाजी गोव्याच्या ताटात रोज येते. बेळगावची माणसे शनिवार-रविवारी येतात. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरला, की केरी-साखळीमार्गे पणजी. सुमारे ११० किलोमीटरचा हा रस्ता सकाळी न्याहारी करून निघालेल्या कुटुंबाला दुपारच्या जेवणापूर्वी मांडवीच्या काठावर आणून सोडतो. निपाणीकरांना अंतर थोडे अधिक पडते. ते आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी गाठतात. पूर्वी या सहलीचा क्रम जवळपास ठरलेला असे. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातील चर्च, संध्याकाळी मिरामार आणि परतताना काजूची पुडकी. आता या क्रमात बोट आली आहे. आजोबांची पंचाहत्तरी, आईवडिलांच्या लग्नाची पन्नास वर्षे, जुन्या वर्गमित्रांचा मेळावा अशा निमित्ताने दोन तासांसाठी छोटी यॉट भाड्याने घेणे ही सीमाभागातील मध्यमवर्गाच्याही आवाक्यातील हौस झाली आहे. वीस जणांत वाटणी केली, तर माथी पडणारा खर्च एका चांगल्या जेवणाहून फार अधिक नसतो.

या व्यवहारात फोनवर विचारले जाणारे प्रश्न मात्र लक्षात घेण्यासारखे आहेत. बोट किती जणांची, गाणी लावता येतील का, फुगे-सजावट कोण करणार, केक आत नेऊ देणार का, बाहेरचे जेवण चालेल का, शौचालय आहे का, आणि शेवटी, ‘तासाचे किती कमी होईल?’ बोट कोण चालवणार, त्याच्याबरोबर किती माणसे असतील आणि ती नेमकी कोणत्या कामाची, हा प्रश्न क्वचितच येतो. घरातला एखादा जाणता माणूस विचारतो तेही इतकेच, की ‘तुमचा माणूस असेल ना?’ असेल, असे उत्तर मिळते आणि आगाऊ रक्कम पाठवली जाते.

‘तुमचा माणूस’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळी कामे कोंबलेली असतात. ती वेगळी करून पाहिल्याशिवाय या हौसेचा भाव ठरवता येत नाही.

जगात जिथे नौका भाड्याने घेऊन सुटी घालवण्याची जुनी रीत आहे, तिथे या व्यवहाराचे साधारण तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात केवळ नौका मिळते. ती चालवण्याची, नांगरण्याची आणि सुखरूप परत आणण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. दुसऱ्यात नौकेबरोबर कप्तान येतो. स्वयंपाक, दोर ओढणे, साफसफाई ही कामे पाहुण्यांनी वाटून घ्यायची. तिसऱ्यात कप्तान, खलाशी, स्वयंपाकी, वाढपी असा पूर्ण ताफा असतो आणि पाहुण्याने फक्त बसायचे. पहिल्या प्रकारासाठी नुसते पैसे असून भागत नाही. ग्रीसमध्ये शिडाची नौका अशी हाती घ्यायची, तर घेणाऱ्याकडे नौकानयनाचा परवाना लागतो आणि नौका हाताळण्याचा अनुभव असलेली दुसरी व्यक्तीही बरोबर असावी लागते. तिसऱ्या प्रकारात मोठ्या नौकांवर भाड्याखेरीज इंधन, खाद्यपदार्थ आणि बंदरशुल्क यांसाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ घेतली जाते आणि अखेरीस तिचा हिशेब दिला जातो. कशाचे किती दिले, हे पाहुण्याला कळते.

गोव्यात सामान्य पर्यटकासाठी पहिला प्रकार जवळपास नाहीच. किनाऱ्यावर स्कूटर भाड्याने मिळते, गाडी मिळते, आणि त्यामुळे चालक हा वरचा खर्च असल्याची सवय पाहुण्याच्या अंगवळणी पडते. बोटीत ती सवय उपयोगाची नाही, कारण बोट माणसांसकटच मिळते. म्हणजे निवड उरते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांमध्ये, आणि इथेच गोव्याच्या बाजाराने एक घोटाळा करून ठेवला आहे. जाहिरातीत ‘साधी’, ‘प्रीमियम’, ‘लक्झरी’ अशा पायऱ्या असतात. त्या चढत जाताना जे वाढते ते खाणेपिणे, दिवे, संगीत आणि छायाचित्रकार. बोट सांभाळणारी माणसे वाढतीलच असे नाही. पायरी उतरताना मात्र सर्वांत आधी कमी होतात ती हीच माणसे, कारण घासाघीस करणाऱ्या ग्राहकाला फुगे कमी झालेले दिसतात. खलाशी कमी झालेला दिसत नाही.

मराठीत या माणसांसाठी जुने, नेमके शब्द आहेत. नौकेची जबाबदारी ज्याच्यावर, तो सारंग. फारशीतील ‘सरहंग’, म्हणजे नायक, या शब्दाचे हे रूप. इंग्रजी अमलातील १९१७ च्या अंतर्गत नौकांच्या कायद्यानेही ‘सेरांग’ याच नावाने प्रमाणपत्र दिले होते, आणि केरळात आजही बोट चालवणाऱ्याला ‘स्रांक’ म्हणतात. सारंगाच्या हाताखाली दोर, नांगर, धक्क्याला लावणे, प्रवाशांची चढ-उतार आणि जीवरक्षक जॅकेटे पाहणारा तो खलाशी. तिसरा वाढपी; तो पाहुण्यांचा. पहिले दोघे बोटीचे असतात.

हा फरक शब्दांपुरता नाही. १९१७ चा कायदा रद्द करून आलेला २०२१ चा केंद्रीय कायदा २०२२ पासून अमलात आहे. त्यानुसार नद्या-खाड्यांतील यांत्रिक नौकेची तपासणी, नोंदणी, विमा, जीवरक्षक साधने आणि चालवणाऱ्यांची प्रमाणपत्रे या सर्व गोष्टी बंधनकारक आहेत. गोव्यात हे काम बंदर कप्तान खाते पाहते. वाढप्यासाठी असे प्रमाणपत्र अर्थातच लागत नाही. म्हणून बोटीवर तीन माणसे आहेत, या सांगण्याला फारसा अर्थ नाही. तिघांपैकी दोघे सामोसे तळण्यात आणि एक सुकाणूवर असेल, तर ती एका माणसाची बोट आहे.

सुकाणूवरच्या माणसाला ते सोडता येत नाही, हे साधे सत्य पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. धक्क्याला लागताना दोर टाकायला दुसरा माणूस हवा. एखादा मुलगा कठड्यावर चढला, तर त्याला उतरवायला दुसरा माणूस हवा. कोणी पाण्यात पडले, तर सारंगाला बोट वळवावी लागते, त्याच वेळी पडलेल्या माणसावर नजर ठेवून कोणीतरी हात दाखवत राहावे लागते आणि तिसऱ्याने कडे फेकावे लागते. डॉल्फिन दिसला की सगळी मंडळी मोबाइल उंचावून एका बाजूला धावतात आणि छोटी बोट त्या अंगाला कलते. अशा क्षणी ‘बसा, जागेवर बसा’ असे ओरडून माणसे पांगवणारा मोकळा माणूस लागतो. गोव्यातील वाचकाला हे समजावण्यासाठी फेरीबोट पुरेशी आहे. दहा मिनिटांच्या ओलांडणीसाठीही तिथे सुकाणूवर एक, यंत्राशी एक आणि दोर-फळीपाशी खलाशी अशी विभागणी असते. त्यांच्यापैकी कोणी चहा वाटत नाही.

तेव्हा सीमाभागातून येणाऱ्या कुटुंबाने सेवेची पायरी निवडताना पाळावा असा एकच निकष आहे: पाहुण्यांच्या सेवेत नसलेला, पूर्ण वेळ बोटीचाच असलेला निदान एक खलाशी सारंगाखेरीज मिळतो का. तो मिळत असेल, तर बाकीचे सारे स्वस्तात स्वस्त घ्यावे. केक बेळगावहून आणता येतो, कुंदा तर आणतातच, आणि फुगे पोरे फुगवतात.

२०२४ च्या डिसेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची इंजिन-चाचणी सुरू असलेली वेगवान नौका धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. धडक देणारी नौका दुसरी होती, हे खरे. पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा परवाना असलेल्या त्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती, आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, कळंगुटला पर्यटक बोट किनाऱ्यापासून सुमारे ६० मीटरवर उलटली. एका ५४ वर्षांच्या पर्यटकाचा मृत्यू झाला, २० जणांना वाचवण्यात आले. दोघे वगळता सर्वांनी जॅकेट घातले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यातील दोष कोणाचा, हा वेगळा विषय. पण वीसेक जणांच्या बोटीत जॅकेट न घातलेले दोघे उरणे ही गोष्ट प्रत्येक सहलीत घडते. एकाला उकडते, दुसरीची साडी चुरगळते, तिसऱ्याला छायाचित्रात ते नको असते. त्यांच्यापुढे उभे राहून ‘घातल्याशिवाय बोट सुटणार नाही’ म्हणणे हे खलाशाचे काम आहे, वाढप्याचे नाही; वाढप्याला पाहुण्याकडून बक्षिसीची आशा असते.

त्याआधी मे २०२३ मध्ये केरळात तानूर येथे मासेमारीच्या बोटीचे रूपांतर केलेली पर्यटक बोट संध्याकाळी बुडून २२ जण मृत्युमुखी पडले, त्यात मुले बरीच होती. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. वरवर पाहता ती दोन मजली, रंगवलेली, सुटीच्या संध्याकाळी गर्दी खेचणारी बोट होती. बाहेरून पाहणाऱ्याला बोटीचा रंग दिसतो, तिचे प्रमाणपत्र दिसत नाही.

गर्दीचा हिशेब हा सीमाभागातील सहलींचा खास दुबळा भाग आहे. घरून निघताना बारा आसनांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पंधरा-सोळा जण बसतात. लहान मुले मांडीवर, दोन पोरे इंजिनाजवळ. बसमध्ये लहानग्यांना तिकीट नसते, मोठ्या मुलांना अर्धे असते. तोच हिशेब जेटीवर लावला जातो: ‘आम्ही पंधराच, बाकीची लेकरे आहेत.’ पाण्यावर लेकराचे अर्धे तिकीट नसते. मांडीवरचे मूलही एक डोके असते आणि त्याला त्याच्या मापाचे वेगळे जॅकेट लागते. मोठ्याचे जॅकेट पाच वर्षांच्या मुलाच्या अंगातून पाण्यात वर निसटते. म्हणून आरक्षण करताना मुलांची संख्या आणि वये आधी सांगावीत आणि त्या मापाची जॅकेटे आहेत का, हे विचारावे. ‘होऊन जाईल’ हे त्याचे उत्तर नव्हे.

दुसरा दुबळा भाग पाण्याच्या ओळखीचा. बेळगाव-निपाणीचा माणूस पाण्याला अनोळखी नाही. निपाणी तालुक्याने वेदगंगा-दूधगंगेचे पूर पाहिले आहेत. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला होता, आणि बोटीचा पहिला अनुभव अनेकांना बचाव पथकाच्या रबरी नावेत मिळाला. पण ते नदीचे पाणी. ते एकाच दिशेने वाहते, चढताना दिसते आणि उतरतानाही दिसते. मांडवीच्या मुखाशी पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. तासाभरापूर्वी जिथे बोट सहज गेली तिथे परतताना वाळू वर आलेली असू शकते. ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारा वारा भिडले, की नदीत शांत वाटलेली बोट मुखाशी आपटू लागते. गंमत अशी, की हे पाणी परके नाही. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यात देगावच्या जंगलात. तिच्या पाण्यावरून दोन राज्ये लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पण खानापुरात जन्मलेली नदी पणजीला पोहोचेपर्यंत इतकी बदलते, की तिच्या उगमाकडचा माणूस तिच्या मुखाशी पूर्ण पाहुणा असतो.

मुखाशी असलेली वाळू मोठ्या जहाजांनाही सोडत नाही. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनो जहाज मांडवीत शिरू पाहताना मिरामारजवळ वाळूत रुतले आणि बराच काळ तिथेच पडून राहिले. खनिजाच्या बार्जेस पावसाळ्यात आग्वादचे मुख टाळून कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत जात, ती या पाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण होती. चांगल्या सारंगाचे मोल इथे असते. बोट पुढे नेणे एक-दोन महिन्यांत शिकता येते. कोणत्या वेळी कुठे जायचे नाही, हे शिकायला हंगाम जावे लागतात.

यातून निवडीची दुसरी बाजू पुढे येते. बोट नदीतच फिरणार की मुख ओलांडून समुद्रात जाणार, हे आरक्षणाच्या वेळीच ठरले पाहिजे. अंतर्गत जलमार्गांचे लाटांच्या उंचीनुसार वर्गीकरण असते आणि बोटीचा परवाना त्या वर्गापुरता असतो. नदीची बोट पाहुण्यांच्या आग्रहाने समुद्रात नेता येत नाही. आजी-आजोबा आणि तान्ही मुले असलेल्या गटासाठी मुळात समुद्राचा मोह नको. पणजी, रायबंदर, चोडण या पट्ट्यात नदी रुंद आहे, दोन्ही काठ दिसतात, खारफुटी आहे, सूर्यास्तही तोच आहे. केवळ नदी आणि सूर्यास्तच हवा असेल, तर बोट स्वतंत्र घेण्याचेही कारण नाही. पर्यटन विकास महामंडळाच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणाऱ्या फेऱ्यांत माणशी तिकीट काढून बसता येते. बोट मोठी, कर्मचारी पुरेसे, नाच-गाणे त्यातच. स्वतंत्र यॉटवर ‘साहेब’ म्हणून बसण्याची मजा तिथे नाही, हे कबूल. पण ऐंशी वर्षांच्या आजीला अरुंद फळीवरून छोट्या बोटीत उतरवण्यापेक्षा ते पुष्कळ सोयीचे.

याउलट दोघा-चौघांनी छोटी बोट घेतली, तर सारंग आणि एक खलाशी पुरे. वाढप्याचा खर्च व्यर्थ. तरुणांच्या गटाचे गणित निराळे. तिथे दारू येते, आणि दारू आली की सारंगाच्या शब्दाची किंमत उतरते. पैसे आम्ही दिले, पोहायला उतरणार, असे बजावणाऱ्या दहा जणांपुढे एकटा सारंग काय करणार? अशा गटानेच खरे तर दोन खलाशी मागितले पाहिजेत. व्यवहारात मागणारा गट विरळा. निदान बोट देणाऱ्याने माणसे वाढवून त्याचे पैसे घ्यावेत. तेही होत नाही, कारण शेजारचा व्यावसायिक तेवढ्याने स्वस्त पडतो.

पैशांचा विषय इथे टाळता येणार नाही. बोटीच्या सुरक्षिततेचा निकाल पुष्कळदा रद्द होण्याच्या अटीत लागतो. वारा वाढला, सारंगाला जाऊ नयेसे वाटले, तर ती फेरी रद्द केल्यावर नुकसान कोणाचे? पाहुण्याला पूर्ण रक्कम परत मिळणार असेल, किंवा दुसरी तारीख मिळणार असेल, तर पाहुणा हट्ट धरत नाही. फेरी बुडाली की सारंगाची त्या दिवसाची कमाई बुडणार असेल, तर ‘नाही’ म्हणणे त्याला परवडत नाही. हंगामात काम करणाऱ्या अनेकांची अवस्था दुसरी असते. पावसाळाभर पर्यटक बोटी बंद, म्हणून मिळेल ते आठ महिन्यांत मिळवायचे. तेव्हा ‘हवामानामुळे सारंगाने नकार दिला तर काय?’ हा प्रश्न विचारून लेखी उत्तर घेणे, हे भाव कमी करून घेण्याहून अधिक लाभाचे. ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ असे सांगणाऱ्या व्यावसायिकाकडे सारंगाला बोलण्याची मुभा नाही, असे समजावे.

बेळगावच्या पाहुण्याची यात भर पडते ती परतीच्या घाईची. रात्री धुक्यात चोर्ला चढायचा नसतो, सोमवारी दुकान उघडायचे असते. सूर्यास्ताची फेरी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून ती महाग आणि घाईची. मागची फेरी लांबली, की धक्क्यावर उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी गर्दी करतात. सकाळपासून चौथी-पाचवी फेरी करणारी तीच माणसे दमलेली असतात, आणि जॅकेटांची मोजणी, सूचना या गोष्टी ‘सुटा, सुटा’ च्या गलबल्यात राहून जातात. सकाळी नऊची फेरी घेणाऱ्याला हीच बोट, हीच माणसे ताजी मिळतात आणि बहुधा कमी दरात. छायाचित्रात केशरी आकाश येत नाही, एवढाच तोटा.

मधल्या दलालाचाही विचार केला पाहिजे. रस्त्यावर, हॉटेलच्या दारात किंवा मोबाइलवर भेटणारा माणूस बोटीचा मालक क्वचितच असतो. तो तीन-चार बोटींसाठी गिऱ्हाईक गोळा करतो, दाखवतो एक आणि जी मोकळी असेल ती देतो. पर्यटन स्थळांच्या संरक्षणासाठीच्या २००१ च्या गोव्याच्या कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन अनधिकृत दलाली आणि पर्यटकांना होणारा उपद्रव यांवरील दंड एक लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. दंड वाढल्याने दलाल रस्त्यावरून हटेल. मोबाइलमधून तो कसा हटवणार, हे सांगणे कठीण. बेळगावच्या ग्राहकाशी त्याचे नाते बहुधा एखाद्या ओळखीच्याच्या ओळखीतून जुळलेले असते. ‘आमचाच माणूस आहे’ या विश्वासावर सौदा होतो, आणि पावतीवर बोटीचा नोंदणी क्रमांक नसतो.

भाषेचा मुद्दा सीमाभागातील वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. घरातील आजीला, काकूला बोटीवरील सूचना कळली पाहिजे, तीही पहिल्या शब्दाला. गोव्याचा किंवा सिंधुदुर्गाचा सारंग कोकणी-मराठीत बोलतो, त्याचे ‘बसा’ सर्वांना कळते. दूरच्या राज्यांतून आलेले खलाशी कष्टाळू असतात, समुद्राचे जाणते असतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण सूचना हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात आणि संगीताच्या आवाजात दिली गेली, तर ती न दिल्यासारखीच. बोट सुटण्यापूर्वी गाणी पाच मिनिटे बंद ठेवून मराठीत सूचना द्या, ही मागणी करण्यात संकोच कसला? जॅकेट कसे बांधायचे, कडे कुठे आहे, कठड्यावर का बसायचे नाही, इतकेच सांगायचे असते.

हे सारे पाहुण्यावरच सोपवणे मात्र गोव्याच्या यंत्रणेला सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. निपाणीहून आलेला व्यापारी किंवा निवृत्त शिक्षक प्रमाणपत्र तपासणारा अधिकारी नसतो. कागद दाखवला तरी तो खरा की मुदत संपलेला, हे त्याला कळणार नाही. ब्रिटोनाला बंदर कप्तान खात्याची सागरी शाळा आहे, जिथे अशा नौकांवरील माणसांना प्रशिक्षण मिळते. म्हणजे माणसे घडवण्याची सोय राज्याकडे आहे. नोंदणी, तपासणी, प्रवासी-क्षमता, किमान कर्मचारी, प्रमाणपत्रधारकाचे नाव ही माहितीही सरकारी दफ्तरांत असते किंवा असायला हवी. ती पाहुण्याला धक्क्यावर दिसत नाही, एवढाच प्रश्न आहे. प्रत्येक बोटीच्या चढण्याच्या जागी एक फलक हवा: बोटीचा क्रमांक, जास्तीत जास्त प्रवासी, आजचा सारंग, आजचे खलाशी, नदीपुरता परवाना की समुद्राचा. मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये, कारण बेळगाव जिल्ह्यातून येणारे सगळेच मराठी नसतात. ‘आजचा सारंग’ या ओळीत रोज सकाळी नाव लिहावे लागेल, आणि त्या फलकाचा खरा उपयोग तोच आहे.

तोवर निपाणी-बेळगावच्या कुटुंबांना करता येण्याजोगी गोष्ट एक आहे. आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी दलालाला बाजूला ठेवून त्या दिवशी बोट नेणाऱ्या सारंगाशी दोन मिनिटे फोनवर बोलणे मागावे. भरती किती वाजता, आपण कुठवर जाणार, बरोबर खलाशी कोण, मुलांची जॅकेटे किती, हे त्यालाच विचारावे. जाणता सारंग या प्रश्नांनी रागावत नाही; उलट तोच दोन प्रश्न परत विचारतो, वयस्कर किती आणि पोहता येणारे किती. ज्याला फोन लावून देणे जमत नाही, त्याच्याकडे त्या दिवसासाठी सारंग बहुधा अजून ठरलेलाच नसतो.